वाढतें शहर आणि देवळाची वाट

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाचा पन्नास वर्षांचा वृत्तान्त आम्हीं सांगावा, अशी महोत्सव-मंडळाची इच्छा होती. परंतु तो वृत्तान्त याच पुस्तिकेंत दुसऱ्या एका गृहस्थांनीं जुन्या नोंदवह्या चाळून इतक्या आस्थेनें लिहिला आहे कीं, आम्हांस सांगावयास कांहीं उरलें नाहीं. म्हणून आम्हीं निराळा विषय घेतला आहे. तो ऐकून कित्येकांच्या मनांत येईल कीं, देवळाच्या उत्सवांत बसगाडीची कथा कशाला? येथें येईपर्यंत आम्हांसही तें ठाऊक नव्हतें. आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीनें तें कळलें. तेव्हां आधीं ती चूक सांगतों.

येथें येऊन आम्हांस दोन-तीन महिने झाले असतील. रविवारची मोठी मिस्सा तेव्हां सकाळीं आठ वाजतां होत असे. दर रविवारीं शुभवर्तमान वाचून झालें कीं बाजूच्या दारानें दहाबारा बाया व मुलें आंत येत, शेवटल्या बांकांवर बसत, आणि मुलांच्या चपलांचा आवाज आमच्या प्रवचनांत मिसळे. चार रविवार आम्हीं तें सोसलें. पांचव्या रविवारीं वेदीवरून बोललों. आगगाडी कोणाकरितां थांबत नाहीं हें सोलापुरांतल्या माणसास सांगावयास नको, मग देवानेंच तेवढें तुमच्याकरितां थांबावें काय, असें कांहींसें आमचें बोलणें होतें; आणि खरें सांगावयाचें तर तें वाक्य त्या वेळीं आम्हांस मोठें बरें वाटलें होतें.

मिस्सा आटोपल्यावर त्या बायांपैकीं एक वयस्क मावशी बंगल्यावर आली. विड्या वळून जन्म काढलेली ती बाई. तिच्या बोलण्यांत राग मुळींच नव्हता. ती म्हणाली, “फादर, आम्ही कुंभारीच्या अंगाला ऱ्हातो. सहाला घरातनं निघतो. गाडी आली तर आली, न्हाई तर वडापची रिक्षा भरंपर्यंत रस्त्यावर बसून ऱ्हावं लागतंय. चौघांचं जायचं-यायचं भाडं धरलं, तर माझी दिवसभराची विडी त्यातच गेली की.” इतकें बोलून ती पाणी प्यायली आणि गेली, कारण परतीच्या रिक्षेंत बाकीच्या बाया तिच्याकरितां खोळंबल्या होत्या. पुढच्या रविवारीं आम्हीं त्याच वेदीवरून क्षमा मागितली. त्यानंतरच्या एका शनिवारीं बंगल्याची मोटारसायकल घरींच ठेवून आम्ही त्या वाटेनें निघालों, आणि भर उन्हांत एक तास दहा मिनिटें चौकांत उभे राहिलों. आमच्या शेजारीं तापानें फणफणलेलें एक पोर आईच्या खांद्यावर झोंपलें होतें. त्या तासाभरांत जें आम्हांस शिकावयास मिळालें, तें सेमिनरींतल्या पुष्कळ वर्षांतही मिळालें नव्हतें.

सोलापूर हें चाकांवर वाढलेलें शहर आहे. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी धांवली. १८५८ सालीं पुणें आणि १८६० सालीं सोलापूर, अशी ग्रेट इंडियन पेनिनशुला कंपनीची लोखंडी वाट इकडे सरकत आली. गंमत अशी कीं, तेव्हां मधला बोरघाट अपुरा होता. तो १८६३ सालीं पुरा झाला. म्हणजे पहिलीं तीन वर्षें सोलापूरच्या माणसास मुंबईस जावयाचें तर खंडाळ्यास उतरून पालखींत, बैलगाडींत अथवा पायीं घाट उतरावा लागे, आणि खालीं पुनः आगगाडी धरावी लागे. १८७१ सालीं हाच मार्ग रायचुरास जाऊन मद्रासकडच्या मार्गास मिळाला. कापूस मुंबईस जाऊं लागला, तसा कापसापाशींच कापड कां विणूं नये हा विचारही आला. १८७४ सालीं मोरारजी गोकुळदास यांनीं जुनी गिरणी काढली. लक्ष्मी, विष्णु, नरसिंग गिरजी या मागून आल्या. तेलंगणांतून विणकर कुटुंबें पूर्वींपासूनच येत होतीं, त्यांचा ओघ वाढला. कानडी, तेलुगू, मराठी व उर्दू या चार भाषा एकाच नळावर ऐकूं येणारें गांव झालें तें असें.

त्या सोलापुराची हद्द कोणती, असें कोणीं विचारलें असतें तर आम्हीं म्हटलें असतें, गिरणीचा भोंगा जेथवर ऐकूं येतो ती. नगरपालिका १८५२ पासून होती व तिच्या हद्दीचे दगडही असतील. परंतु भोंगा वाजल्यावर पायीं निघून कामावर वेळेवर पोंचतां येईल, तेवढेंच अंतर कामकऱ्याच्या उपयोगाचें होतें. म्हणून चाळी गिरणीला चिकटून, बाजार चाळींना चिकटून आणि देवळें, मशिदी बाजाराला चिकटून वाढल्या. आपल्या धर्मग्रामांतील पहिलीं कुटुंबें बहुतेक रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेलीं. त्यांचें घर, त्यांची नोकरी आणि त्यांचें देऊळ हीं तिन्ही एका दमांत चालून जाण्यासारखीं होतीं. त्यामुळें पन्नास वर्षांपूर्वीं जेव्हां या जागेचा विचार झाला, तेव्हां ‘लोक येथें येतील कसे’ हा प्रश्न कोणाच्या तोंडून निघाला नाहीं. जुन्या वहींत त्याचा उल्लेख आम्हीं मुद्दाम शोधला, तो नाहीं. विहिरीचा आहे, कुंपणाचा आहे, घंटेचा तर चार वेळां आहे.

पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरणींतला माणूस यंत्रमागाकडे, रिक्षेकडे अथवा पुण्याकडे गेला आणि घरची बाई विडीवर संसार रेटूं लागली. १९६४ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. परंतु शहराचें रूप खरें पालटलें तें १९९२ च्या हद्दवाढीनें. बाळें, केगांव, शेळगी, देगांव, सोरेगांव, कुमठें, मजरेवाडी हीं गांवें शहरांत आलीं आणि शहराचें क्षेत्र सुमारें १७८ चौरस किलोमीटर झालें. २०११ च्या शिरगणतींत येथील लोकसंख्या ९,५१,५५८ भरली. या दोन आंकड्यांतच आमच्या विषयाचें मर्म आहे, म्हणून ते मुंबईच्या आंकड्यांशेजारीं ठेवून पाहा. बृहन्मुंबईचें क्षेत्र सुमारें ४३७ चौरस किलोमीटर आणि त्याच शिरगणतींतील लोकसंख्या सुमारें १ कोटि २४ लाख. म्हणजे मुंबईच्या दोन-पंचमांश जमिनीवर आम्ही तिचा तेरावा हिस्सा माणसें पसरून बसलों आहों. मुंबईंत बस एका नाक्यावर थांबली कीं भरते. आमची बस चार वस्त्या, दोन मोकळीं मैदानें आणि एक वीटभट्टी ओलांडते तेव्हां पांच माणसें चढतात. पांच माणसांच्या तिकिटांत तेल निघत नाहीं. मग फेरी कमी होते. फेरी कमी झाली कीं ज्याला जमेल तो कर्ज काढून दुचाकी घेतो. तो गेला कीं उरलीं चार माणसें, आणि पुढची फेरीही जाते. सोलापूरच्या शहरी बसगाड्या कमी कां होत गेल्या, याला कारभाराचीं कारणें असतील आणि आहेत. परंतु कारभार चोख असता तरी ही विरळ वस्तीची अडचण राहतीच.

यांत एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दुचाकी घरांत एक असते आणि ती बहुधा पुरुषाच्या हातीं असते. तेव्हां बस बंद झाल्यानें जो अडतो तो घरचा कर्ता नव्हे. अडते ती म्हातारी, गरोदर सून आणि दहावींतली मुलगी. अमुक वस्तींतल्या मुलीनें शाळा कां सोडली, म्हणून आम्ही चौकशी करितों, तेव्हां ‘अभ्यासांत मन नाहीं’ असें उत्तर मिळतें. खोलांत शिरल्यावर संध्याकाळच्या गाडीची भानगड निघते. अंधारांत अनोळखी माणसांनीं भरलेल्या वडापांत पोरीला कोण बसवील?

आम्ही पुण्यास रामवाडीच्या सेमिनरींत शिकत होतों, तेव्हां नगर रस्त्याच्या अंगाला मोकळी रानें होतीं आणि पी.एम.टी.च्या बसला लोंबकळत स्टेशनावर जाणें हा आमचा नित्याचा पराक्रम होता. पुढें तीं रानें गेलीं, खराडी, वडगांव शेरी भरून गेलीं, आणि २०२४ च्या मार्चांत मेट्रो गाडी रामवाडीपर्यंत आली. माणसें आधीं आलीं, वीस-पंचवीस वर्षें धुरांत गुदमरलीं आणि मग गाडी आली. मुंबईंत याच्या उलट घडलें. तेथें १९२५ सालीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, १९२८ सालीं ती पश्चिमेकडे बोरिवलीपर्यंत पोंचली, आणि रुळांच्या मागोमाग घरें वाढत गेलीं. गाडी आधीं येणें हें तरी सर्वस्वीं सुखाचें कोठें आहे? वसईच्या आपल्या बांधवांस विचारा. लोकल गाडीनें मुंबई जवळ आली तशा त्यांच्या केळीच्या व फुलांच्या वाड्यांवर इमारतींची सांवली पडूं लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसईच्या चळवळींत उभें राहून जें सोसलें तें या वाडीकरितां आणि तिच्या पाण्याकरितां. २०२० च्या जानेवारींत ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हां सोलापुराहूनही कित्येक श्रोते तेथें गेले होते. २०२४ सालीं ते देवाघरीं गेले. तेव्हां गाडी म्हणजे निखळ वरदान, असें आमचें म्हणणें नाहीं. घर कोठें बांधावयाचें आणि गाडी कोठून न्यावयाची हे दोन विचार दोन निराळ्या कचेऱ्यांत, दोन निराळ्या सालीं झाले म्हणजे त्रास होतो, एवढेंच आम्ही म्हणतों.

त्याचें जवळचें उदाहरण कुंभारीच. शहराच्या आग्नेयेस, अक्कलकोट रस्त्यावर, दहा किलोमीटरांच्या आसपासचें हें गांव. येथें विडी कामगार बायांसाठीं १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्तें घरें दिलीं गेलीं. घराची किंमत साठ हजार रुपये: वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्य सरकारचे व वीस हजार त्या बाईचे. नरसय्या आडम मास्तर आणि त्यांची संघटना यांनीं वर्षानुवर्षें मोर्चे काढून हें घडविलें. पुढें शेजारींच रे नगर ही ३०,००० घरांची वसाहत ठरली. तिची कोनशिला २०१९ सालीं बसली आणि १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं पहिलीं १५,००० घरें दिलीं. लाल बावट्याच्या माणसांचें नांव देवळाच्या सभेंत घेतलें म्हणून कोणाची भुंवई चढली असेल तर ती खुशाल चढो. आमच्या तरुणपणीं त्या रंगाकडे संशयानें पाहावें अशीच हवा होती. तथापि कामकऱ्यास स्वतःची मालमत्ता असावी, हें तेरावे लिओ पोप यांनीं १८९१ च्या परिपत्रकांत सांगितलें, आणि विडी वळणाऱ्या बाईच्या नांवानें घराचा उतारा निघाला तो या चळवळीमुळें. ज्याचें श्रेय त्यास द्यावें. ज्यांचें नांव वसाहतीस दिलें त्या गोदूताईंनीं ठाणें जिल्ह्यांतील वारली लोकांत आपलें आयुष्य वेंचलें. त्यांचें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें पुस्तक आमच्या वाचनालयांत आहे, तें कोणी नेत नाहीं ही गोष्ट वेगळी.

आमच्या धर्मग्रामांतील कांहीं कुटुंबेंही अशीं तिकडे गेलीं. त्यांच्या घरीं आम्ही आशीर्वादाला गेलों. फरशी पुसून लख्ख, भिंतीवर मरिया मातेची तसबीर, दाराला आंतून कडी. ती कडी एका बाईनें आम्हांस तीन वेळां लावून दाखविली. जन्मभर गोणपाटाच्या पडद्याआड राहिलेल्या बाईस कडीचें काय मोल, हें आम्हांस पुस्तकांतून कळलें नसतें. पण तीच बाई पुढें म्हणाली कीं, तिकडची झोंपडी वाईट होती पण जागा चांगली होती; हें घर चांगलें आहे पण जागा लांब आहे. शहर-रचनेवरचे अनेक जाडे ग्रंथ या एका वाक्यांत आले. झोंपडींतून सिव्हिल इस्पितळ पायीं गांठतां येई, धुणींभांडीं करण्याचीं घरें पायीं गांठतां येत, नवऱ्याला दारू पाजणारा गुत्ताही पायीं गांठतां येई, हें ती हंसून म्हणाली. आतां गुत्ता तेवढा वसाहतीजवळ आला आहे. बाकी सर्व लांबच आहे.

विडीचें काम तुम्हांपैकीं पुष्कळ घरांत झालेलें आहे, तेव्हां तें समजावून सांगावयास नको. कारखान्यांतून पान, तंबाखू आणि दोरा आणावयाचा, घरीं बसून हजार विड्या वळावयाच्या, त्या पुनः कारखान्यांत नेऊन मोजून द्यावयाच्या, आणि छाटींत गेल्या त्या गेल्या. ‘घरबसल्या काम’ असें याला म्हणतात, परंतु त्या कामाला जावें-यावें लागतेंच. पुष्कळ बायांनीं कारखान्याच्या फेरीचा खर्च वांचविण्यासाठीं शेजारणीच्या हातीं माल पाठविण्याची युक्ति काढली आहे. आळीपाळीनें एक जण चौघींचा माल नेते. आमच्या मंडळानें जें करावयास हवें होतें तें त्यांनीं न विचारतां केलें.

२०१५ सालीं फ्रान्सिस पोप यांनीं सृष्टीसंबंधीं जें परिपत्रक काढलें, त्यांत शहरांतल्या वाहतुकीचा विचार आहे, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं. खाजगी मोटारींनीं शहरें कोंडतात, सार्वजनिक गाड्यांस अग्रमान द्यावा, आणि तसें करितांना त्या गाड्यांतली गर्दी, अनियमितपणा व असुरक्षितपणा यांनीं माणसाचा जो अपमान होतो तो दूर करावा, असा त्याचा आशय आहे. आम्हीं तें परिपत्रक आलें त्याच वर्षीं वाचलें होतें आणि त्या परिच्छेदाखालीं रेघही ओढली होती. तरी आठच्या मिस्सेला उशीरा येणाऱ्या बाया आम्हांस आळशीच वाटल्या. रेघ ओढणें आणि वाचणें यांत अंतर असतें.

आपलें शहर दूरच्या प्रवासाविषयीं उदासीन नाहीं. २०२३ च्या फेब्रुवारींत मुंबईची वंदे भारत गाडी सुरू झाली. साडेसहा तासांच्या आसपास मुंबई. त्याच वर्षाच्या जूनमध्यें विमानाच्या वाटेंत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडण्यांत आली, आणि तिच्यावरून गांवांत किती वाद माजला होता हें सर्वांस आठवत असेल. २०२५ सालीं होटगी रस्त्याच्या विमानतळावरून गोव्याचें विमान उडालें. आपल्यांतील गोवेंकर कुटुंबांस त्याचा आनंद झाला, आम्हांसही झाला. आमचें विमानाशीं कांहीं वांकडें नाहीं. परंतु मुंबईस किती तासांत पोंचाल हें आज अचूक सांगतां येतें, आणि कुंभारीहून सिव्हिल इस्पितळांत किती वेळांत पोंचाल हें सांगतां येत नाहीं.

एस.टी.चा येथें उल्लेख केला पाहिजे. १९४८ च्या १ जूनला तिची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, गेली. आमचा जन्म त्याच जिल्ह्यांतला, म्हणून हा आमचा घरचा अभिमान. २०२३ च्या मार्चापासून त्या गाड्यांत बायांना अर्धें तिकीट झालें. म्हणून कुंभारीच्या बाया शहरी बसची आशा सोडून अक्कलकोटहून येणारी एस.टी. गांठावयास हमरस्त्यावर जातात. ती थांबली तर उत्तम. भरून आली तर तिनें थांबावें तरी कसें?

आतां आपल्या घरच्या गोष्टीकडे येतों. महोत्सवाच्या निमित्तानें फाटकावर मोठी कमान व तिच्यावर घंटाघर बांधावें, अशी मंडळाची योजना होती. आम्हीं बैठकींत असें मांडलें कीं, कमान लहान करावी आणि उरलेल्या पैशांतून कुंभारीच्या बाजूस एक खोली भाड्यानें घ्यावी. तेथें शनिवारीं संध्याकाळीं मिस्सा व्हावी आणि इतर दिवशीं वसाहतींतल्या मुलांना, मग तीं कोणत्याही धर्माचीं असोत, अभ्यासाला बसतां यावें. यावरून बैठकींत मतभेद झाला. तो लपविण्याचें कारण नाहीं, कारण विरोध करणारांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. एक वृद्ध सभासद म्हणाले कीं, ज्यांनीं कमानीसाठीं म्हणून पैसा दिला त्यांचा पैसा दुसरीकडे वळविणें हा विश्वासघात होय. हें आम्हांस पटलें, आणि तो पैसा कमानीसाठींच राहील. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, फादर, आज खोली घेतलीत, उद्यां लोक म्हणतील मुख्य देवळांत यावयाचें कारण काय? याचें उत्तर आमच्यापाशीं अजून पुरतें नाहीं. धर्मग्राम एक राहावा ही आमचीही इच्छा आहे, आणि दूरच्या माणसास दूरच ठेवून तो एक राहणार नाहीं हेंही दिसतें. तूर्त एक वर्ष खोली घेऊन पाहावयाचें ठरलें आहे. देणगी नव्यानें मागितली आहे. रविवारची मोठी मिस्सा आतां साडेनऊला होते, हें तुम्हांस ठाऊकच आहे, आणि जवळ राहणाऱ्या कित्येकांची झोंप त्यामुळें पुरी होते असें ऐकतों.

दुसरें काम अर्जाचें. वसाहतीच्या सर्व जातिधर्मांच्या रहिवाशांनीं मिळून बसकरितां अर्ज तयार केला आहे. त्यांत गाड्या वाढवा असें फारसें म्हटलेलें नाहीं. सकाळीं दोन, दुपारीं एक आणि संध्याकाळीं दिवेलागणीच्या आधीं एक, अशा चार फेऱ्या ठरल्या वेळीं सुटाव्यात आणि त्या वेळा चौकांतल्या फलकावर लिहाव्यात, एवढीच मागणी आहे. वेळ न पाळणाऱ्या दहा गाड्यांचा भरवसा धरून कोणी मुलीला शाळेंत घालीत नाहीं. जुळे सोलापूर व विजापूर रस्त्याकडील आपल्या सुस्थितींतल्या कुटुंबांनींही त्या अर्जावर सह्या कराव्यात, अशी आमची विनंति आहे. तुमच्या घरीं कामाला येणारी बाई याच वाटेनें येते.

जिच्यामुळें आम्ही हें सर्व शिकलों ती मावशी आज सभेंत आहे. तिला उठवून कोणीं टाळ्या वाजवूं नयेत अशी तिनें आम्हांस ताकीद दिली आहे, आणि तिची ताकीद मोडण्याची आमची छाती नाहीं. अर्जाचा कागद फाटकापाशीं मास्तरांकडे आहे. ज्यांच्या मोटारींत रविवारीं एक-दोन जागा रिकाम्या असतात त्यांनीं आपलीं नांवें त्याच मेजावर दुसऱ्या वहींत लिहावींत. जेवण तयार आहे. कुंभारीकडे जावयाचें आहे त्यांनीं पहिल्या पंगतीला बसावें, म्हणजे शेवटची गाडी आलीच तर ती चुकणार नाहीं.